षड्ज कुठे लावावा

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुके उतरू लागले की तीन दरवाजाची कमान आधी फिकट होते, मग तिच्या कोरीव कडा विरघळतात आणि अखेर तो सारा काळा पाषाण पायांखालच्या उंबऱ्यापुरता उरतो; अशा वेळी डोळ्यांची पुष्कळशी कामे कान आपणहून अंगावर घेतात. तटाखालच्या उतारावर चरणाऱ्या म्हशीच्या गळ्यातील घंटा, सोमाळे तळ्याच्या काठचे बेडूक, वळणावर गिअर बदलताना कण्हणारी एसटी आणि घराच्या पन्हळीतून दगडावर पडणारी धार हे आवाज न दिसणाऱ्या गडाचा नकाशाच ऐकणाऱ्यापुढे मांडतात, आणि त्यांतील कोणता आवाज उंच आहे, कोणता मोठा आहे व कोणता कोणाचा आहे हे ओळखण्यासाठी कोणालाही शिकवणी लावावी लागत नाही. संगीताच्या प्राथमिक पुस्तकात पहिल्याच पानावर ‘नादाची तीन लक्षणे’ म्हणून जे काही छापलेले असते ते हेच होय.

त्यांपैकी पहिले लक्षण उच्चनीचता, ज्यास विज्ञानाच्या पुस्तकांत तारता म्हणतात: ताणलेली तार एका सेकंदात जितकी अधिक आंदोलने करील, म्हणजे जितक्या अधिक वेळा इकडून तिकडे हेलकावेल, तितका तिचा नाद उंच ऐकू येतो. दुसरे लक्षण लहानमोठेपणा. तो आंदोलनांच्या संख्येवर नव्हे तर त्यांच्या रुंदीवर अवलंबून असतो, म्हणून तीच तार जोराने छेडली तरी सूर मोठा होतो, वर चढत नाही. तिसरे लक्षण जाती, जिच्यामुळे एकाच उंचीचा सूर सनईतून, सतारीतून वा गळ्यातून आला तरी तिघांची ओळख पटते, कारण प्रत्येक वाद्य मूळ नादाबरोबर त्याच्या वरचे सूक्ष्म नाद आपापल्या प्रमाणात मिसळत असते. हे समजण्यास अवघड नाही. अवघड आहे ते रोजच्या मराठीला विसरणे. घरात ‘आवाज चढवू नकोस’ असे म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याला मोठेपणा अभिप्रेत असतो, गाण्याच्या वर्गात मात्र चढणे म्हणजे उंच जाणे. विज्ञानात ‘तीव्र’ म्हणजे मोठा, संगीतात ‘तीव्र मध्यम’ म्हणजे नेहमीपेक्षा वरचा मध्यम. आणि ‘हळू’ हा शब्द तर इतका सोयीस्कर आहे की शिक्षकाने ‘हळू म्हण’ असे सांगताच निम्मी मुले आवाज लहान करतात व उरलेली निम्मी संथ होतात, आणि भाषेच्या दृष्टीने दोघेही बरोबर असतात. संगीताला स्वतंत्र परिभाषा का लागली, याचे उत्तर बहुधा या एका ‘हळू’त सापडावे.

पन्हाळ्याची उंची भूगोलाची पुस्तके समुद्रसपाटीपासून सांगतात आणि ती तीन हजार फुटांहून अधिक भरते. कोल्हापुराहून वीसेक किलोमीटरांची वाट चालून आलेल्याच्या पोटऱ्यांना मात्र भोवतालच्या मैदानापासूनची, हजार फुटांहून थोडी अधिक असलेली उंचीच खरी वाटते, कारण येथून समुद्र कोणी पाहिलेला नसतो. उंची खरी असली तरी ती कोठून मोजावी हे आधी ठरवावे लागते, आणि भारतीय संगीतात त्या ठरवण्यालाच षड्ज म्हणतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाने आपल्यापुरती एक समुद्रसपाटी नक्की केली आहे: सेकंदाला ४४० आंदोलनांचा एक ठरावीक सूर घेऊन सारी वाद्ये त्याला मिळवली जातात. आपल्याकडे तसा कोणताही सूर जन्मतः ‘सा’ नसतो. ज्याच्या गळ्याला जो सूर पायासारखा वाटेल, ज्याच्या खाली थोडे उतरता येईल व वर पुष्कळ चढता येईल, तो त्याचा सा. म्हणूनच गाणाऱ्याला ‘पट्टी कोणती?’ असे विचारावे लागते आणि उत्तर पेटीच्या भाषेत येते, पुरुष असेल तर काळी एक वा काळी दोन, स्त्री असेल तर पुष्कळदा काळी चार किंवा पाच. षड्ज म्हणजे सहांना जन्म देणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. रे, ग, म, प, ध, नी हे सहाही त्याच्यापासूनची अंतरे आहेत, स्वतंत्र रहिवासी नव्हेत. सा हलला की सारा गाव हलतो, पण घरांची एकमेकांतली अंतरे तशीच राहतात, म्हणून गाणे तेच ओळखू येते.

हा षड्ज कानात सतत वाजता ठेवण्याचे काम तंबोऱ्याचे, आणि तंबोऱ्यासाठी या मुलखाला फार लांब जावे लागत नाही. मिरजेतील तंबोरे व सतारी हिंदुस्थानभर जातात आणि २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्याहून लक्षात राहण्याजोगी गोष्ट अशी की हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची होती. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपत आल्या, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला, शस्त्रांची मागणी आटली, आणि धातूच्या पात्यावर चालणारे हात भोपळ्याच्या कवचाकडे व तारेकडे वळले. ज्या कानाने पाते घासले जाताना त्याच्या सुरावरून धार ओळखली असेल, त्याला तारेचा सूर ओळखणे परके वाटले नसेल, असे मानण्यास हरकत नाही.

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली सामान्यतः मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या तारा मध्य षड्जाच्या आणि चौथी पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची असते. ज्या रागात पंचम नाही, जसे मालकंसात, तेथे पहिली तार मध्यमाला मिळवतात. हे मिळवणे खुंट्यांनी होते, मग मण्यांनी सूक्ष्म केले जाते, आणि तरीही तंबोरा बोलत नाही. तो बोलू लागतो तो घोडीच्या सपाट, किंचित उतरत्या पृष्ठभागावर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या एका धाग्यामुळे, जो केसभर पुढेमागे करताच तार घोडीला चाटून जाऊ लागते आणि तिच्यातून वरच्या सूक्ष्म नादांचा झुबका उघडतो. या उघडण्याला जवारी खुलणे असे म्हणतात. खुललेल्या खर्जातून कोणी न छेडलेला गंधार स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याला दिलेले ‘स्वयंभू गंधार’ हे नाव देवस्थानाच्या मूर्तीला शोभेल असे आहे. त्याचे कारण भौतिक आहे, खर्जाच्या आंदोलनसंख्येच्या पाचपट आंदोलनांचा नाद तारेत मुळातच दडलेला असतो, पण कारण कळल्यावर नाव उणे होत नाही. तार निम्म्यावर दाबली की वरचा सा मिळतो, दोन-तृतीयांश लांबीवर पंचम, तीन-चतुर्थांश लांबीवर मध्यम. शाळेत अपूर्णांकांनी रडवलेल्या मुलाला कोणी हे वेळीच ऐकवले असते तर गणिताशी त्याचे वैर इतके टिकले नसते.

सा पासून निघून पुन्हा वरच्या सा पर्यंत पोचण्याच्या आतले सात स्वर म्हणजे सप्तक. पाश्चात्त्य मोजणीत वरचा सा धरून आठ होतात आणि आपल्या मोजणीत तो पुढच्या सप्तकाचा पहिला मानला जातो, एवढाच फरक. जणू एकाने जिन्याच्या पायऱ्या मोजताना माडीची फरशीही धरली आणि दुसऱ्याने ती वरच्या मजल्याच्या हिशेबात टाकली. मजले तीन: मंद्र, मध्य आणि तार, आणि जुन्या ग्रंथांनी त्यांची ठिकाणे अनुक्रमे हृदय, कंठ व मूर्धा अशी सांगितली आहेत. पन्हाळ्यावरील अंधारबाव ही विहीर अशीच तीन मजली आहे. तळाशी पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघणारी चोरवाट आणि वर पहारेकऱ्यांची जागा. ही तुलना फार ताणू नये, तरी खर्जाचा रियाज पहाटे, थंड आवाजात, तळाशी उतरून करावयाचा असतो आणि तेथे ओल असल्याशिवाय वरच्या मजल्यावर काही पोचत नाही, हे जुन्या उस्तादांचे सांगणे त्या काळोख्या पायऱ्या उतरताना सहज आठवते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

सातांपैकी सा आणि प हे अचल, म्हणजे त्यांना खालीवर सरकण्याची मुभा नाही. रे, ग, ध, नी आपल्या शुद्ध जागेवरून खाली उतरले की कोमल होतात, मध्यम तेवढा वर चढून तीव्र होतो, आणि अशा रीतीने एकूण बारा स्वर भरतात. कोमल म्हणजे हळुवार व तीव्र म्हणजे कर्कश असा अर्थ येथे नाही, हे नवशिक्याला एकदा तरी सांगावे लागते. बारा ही संख्या मात्र पेटीला जितकी पटते तितकी गळ्याला पटत नाही. गळा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जातो, तेथे काही काळ राहतो, आणि या फटींतल्या ऐकू येणाऱ्या, एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येणाऱ्या जागांना श्रुती म्हणतात. परंपरेने त्या बावीस मानल्या आणि सा, म, प यांना चार-चार, रे व ध यांना तीन-तीन, ग व नी यांना दोन-दोन अशा वाटून दिल्या.

ही वाटणी ज्या ग्रंथात अत्यंत सविस्तर आली तो ‘संगीतरत्नाकर’ पन्हाळ्याला वाटतो तितका परका नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी पन्हाळ्यावर होती, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याने त्याचा पराभव करून हे राज्य बुडवले. त्याच सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत उतरले, आणि नातवाने दिवसा राज्याचे आकडे सांभाळून बाकीचा वेळ स्वरांच्या आकड्यांना दिला असावा असा त्याच्या सात अध्यायांचा नेटकेपणा आहे. श्रुती सिद्ध करण्यासाठी त्याने बावीस तारांच्या दोन वीणा कल्पिल्या, एक स्थिर ठेवायची आणि दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची, म्हणजे जमाखर्चाच्या दोन वह्या ताडून पाहाव्यात तशी फरकाची तपासणी होते. याच हिशेबनिसाने स्वरांची ओळख मात्र प्राण्यांच्या आवाजांवरून करून दिली: षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. मोजून पाहू जाता यातले काही टिकणार नाही, कारण सोमाळे तळ्यातला प्रत्येक बेडूक आपापला धैवत घेऊन बसलेला असतो. तरीही एका गडाचे राज्य बुडवणाऱ्या सत्तेच्या कचेरीत कोणी तरी बेडकाला सप्तकात जागा देत होते, हे इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या शेजारी छापले जावयास हवे होते.

श्रुतींचा प्रश्न पुढे सातशे वर्षांनी याच परिसरात पुन्हा उपटला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या सुरेल गायकाच्या साहाय्याने श्रुतींची मापे काढून १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या मापांची पेटीही करवून घेण्यात आली. तिची मोहिनी फार काळ टिकली नाही. लोकांनी आपली बारा सुरांचीच पेटी ठेवली. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी तर तिच्यावर गळ्याची गायकी काढून दाखवली, आणि ज्या वाद्याला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणे, मुळातच शक्य नाही त्यावर मींडेचा भास निर्माण केला. शास्त्र पेटीच्या विरुद्ध होते, १९४० मध्ये आकाशवाणीनेही तिला दार बंद केले व ते कित्येक वर्षे बंदच राहिले, तरी घरोघरी भजनाला बसणाऱ्यांनी या बंदीची दखल घेतली नाही. परिभाषा एका बाजूला आणि हाताशी असलेले वाद्य दुसऱ्या बाजूला असा पेच पडला की मराठी माणूस वाद्याच्या बाजूने उभा राहतो, आणि या लेखाचा कलही तिकडेच आहे.

या सगळ्या संज्ञा पुस्तकात, व्याख्यांच्या रूपाने, परीक्षेच्या प्रश्नांत कशा आल्या, याचा मागही पन्हाळ्याच्या आसपासच निघतो. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी कष्टाने मिळवून महाराष्ट्रात आणली. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर हे १८७२ मध्ये कुरुंदवाडात जन्मले आणि लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी फार अधू झाली. गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून, विचारण्याची सोय नसताना शिकण्याची पद्धत त्यांनी अनुभवली होती, आणि तिच्यात एक संज्ञा समजण्यास वर्ष जावे असा मामला असे. ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले, क्रमिक पुस्तके छापली, स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर उतरवण्याची खुणांची पद्धत बसवली, आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळे ‘सप्तक म्हणजे काय’ हा प्रश्न गावोगावच्या मुलांच्या वह्यांत गेला. संगीतशास्त्रकार भातखंडे यांनी आपली वेगळी स्वरलिपी केली, आणि गंमत अशी की भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तार सप्तकाचे, तर पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे; एका पुस्तकावरून दुसऱ्यावर गेलेला विद्यार्थी माडीवर जायचे म्हणून तळघरात उतरतो. पाठ केलेल्या व्याख्यांची टिंगल करणे सोपे आहे, आणि ज्याने सात स्वरांची व्याख्या बिनचूक लिहिली त्याला षड्ज लावता येत नाही असे दृश्य प्रत्येक केंद्रावर दिसते, हेही खरे. पण ज्या गोष्टीचे नाव सर्वांना विचारता येते ती कोणा एकाची मिरास राहत नाही, आणि अधू डोळ्यांच्या त्या माणसाने हे नेमके ओळखले होते.

स्वरांकडून लयीकडे वळताना पन्हाळ्याला आपल्या एका लेकराची आठवण होणे साहजिक आहे. कवी मोरोपंत पराडकर १७२९ साली येथे जन्मले, येथेच पाध्ये बंधूंकडे त्यांचे अध्ययन झाले आणि मग त्यांचे आयुष्य बारामतीत गेले. ज्या आर्येने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ती अक्षरे मोजून रचत नाहीत, मात्रा मोजून रचतात: ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, पहिल्या चरणात बारा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात पुन्हा बारा आणि चौथ्यात पंधरा, पंतांनी बहुधा चौथा चरणही अठरांचा करून गीती हा प्रकार वापरला. म्हणजे ओळीतली अक्षरे कमीअधिक होतात, पण तिला लागणारा काळ तोच राहतो. संगीतातील मात्रा हीच. ती अक्षर नव्हे, आघातही नव्हे, तर काळाचे एक माप आहे, जे भरून काढायचे की रिकामे सोडायचे हे गाणारा ठरवतो. मराठीत हा एकच शब्द अक्षराच्या डोक्यावर तिरपा बसतो, वैद्याच्या खलातून चाटणात जातो आणि तबल्याच्या शाईवरही वाजतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ ‘बेताने, मापाने’ असाच आहे. पंतांच्या आर्या कीर्तनकारांनी झांजेच्या साथीने म्हटल्या तेव्हा छंदातली मात्रा आणि तालातली मात्रा एकमेकींना भेटल्या. हे भेटणे ऐकणाऱ्याला कळते, समजावून सांगताना मात्र कागद लागतो.

दोन मात्रांमधले अंतर सारखे राहिले की त्या समान गतीला लय म्हणतात. ती संथ असेल तर विलंबित, मधली असेल तर मध्य, जलद असेल तर द्रुत. याच भाषेत विरून जाण्यालाही लय पावणे म्हणतात, आणि समान गतीला व विरून जाण्याला एकच शब्द पुरेसा वाटावा यात भाषेचा काही हेतू असेल किंवा नसेल. लय मोकळी वाहते. तिला ठरावीक मात्रांच्या घेऱ्यात बांधले की ताल होतो. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार विभागांत, झपतालाच्या दहा दोन-तीन-दोन-तीन अशा, रूपकाच्या सात तीन-दोन-दोन अशा. घेरा एकदा पुरा झाला की एक आवर्तन. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम, जेथे गाणारा आणि वाजवणारा आपापल्या वाटांनी फिरून एकत्र येतात आणि श्रोत्यांच्या माना आपोआप हलतात. ‘शेवटी समेवर आला’ हे मराठीत ज्याने तंबोराही पाहिलेला नाही असा माणूसही म्हणतो. सम कळण्यासाठी खाली कळावी लागते: त्रितालात नवव्या मात्रेवर हाताने टाळी न देता तळवा मोकळा दाखवायचा, त्या सुमारास डग्ग्याची घुमार थांबते, ‘धिं’चा ‘तिं’ होतो आणि ठेका, म्हणजे तालाचा ठरलेला बोलांचा साचा, क्षणभर पोकळ होतो. रूपक तालाने तर पहिल्याच मात्रेवर खाली ठेवली आहे, सम आणि पोकळी एकाच जागी. शिकणाऱ्याला हे समजून घ्यायला वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

पन्हाळ्यासमोरच्या ज्योतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचवत चढणाऱ्यांना यातली एकही संज्ञा लागत नाही. हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या नादावर वीस-पंचवीस हात उंचीची काठी तोलली जाते, काठी तोलणाऱ्याचा पाय नेमका आघातावर पडतो, आणि गुलालाच्या ढगात ‘चांगभलं’चा गजर उठतो तो समेवरच उठतो. हलगीवाल्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्याख्या नसून विस्तव आहे, कारण दमट हवेत चामडे सैल पडते आणि काटक्या पेटवून हलगी शेकल्याखेरीज तिचा आवाज कडक निघत नाही. बैठकीत तबलजी गठ्ठे ठोकून जे करतो ते हाच माणूस जाळावर करतो. नादाची उंची ताणावर अवलंबून असते हा सिद्धांत त्याच्या तळहाताला ठाऊक असतो. त्याला तो शब्द दिला तर त्याच्या वाजवण्यात काही भर पडेल असे नाही, पण ज्याला शब्द ठाऊक आहे आणि विस्तव नाही, त्याने मात्र एकदा चैत्रात हा डोंगर चढावा.

राहिला राग. थाट आणि राग यांची गल्लत सर्वत्र होते, म्हणून एवढे सांगणे पुरे की थाट ही सात स्वरांची मांडणी आहे, भातखंड्यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी अशा दहा मांडण्या घेतल्या, आणि थाट कोणी गात नाही. गायचा तो राग. रागाला आरोह म्हणजे चढण्याची वाट आणि अवरोह म्हणजे उतरण्याची वाट असते, काही स्वर वर्ज्य असतात, पाच स्वरांचा तो औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. पण एवढ्याने राग हाती लागत नाही, याचा पुरावा भूप आणि देशकार. दोहोंत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. तरी भूपाचा वादी, म्हणजे ज्याच्याभोवती गाणे घोटाळते तो स्वर गंधार आहे व त्याला दुरून साथ देणारा संवादी धैवत, तर देशकारात धैवत वादी व गंधार संवादी. भूप संध्याकाळनंतरचा, देशकार सकाळचा. जणू त्याच पाच वाड्यांतून एकजण तळ्याच्या बाजूने गड चढतो आणि दुसरा दरवाजाच्या बाजूने. घरे तीच, पण कोणत्या ओसरीवर किती वेळ टेकायचे हे निराळे, आणि त्यामुळे गावच निराळा वाटतो.

अशा टेकण्याच्या जागांचे अपार भान असलेला एक माणूस या मुलखात राहून गेला. शाहू महाराजांनी आश्रय दिलेले अल्लादिया खाँ कोल्हापुरात दीर्घकाळ राहिले आणि महाराजांच्या निधनानंतर मुंबईकडे गेले. अनवट, म्हणजे फार कमी गायल्या जाणाऱ्या रागांसाठी आणि दोन रागांना सांधून केलेल्या जोडरागांसाठी त्यांची जयपूर-अत्रौली गायकी ओळखली जाते. १८८३ पासून चालत आलेल्या कोल्हापूरच्या देवल क्लबासारख्या ठिकाणी बसणाऱ्या रसिकांना या गायकीने कान दिला, आणि कानाची ही मशागत हळूहळू शहराच्या बोलण्यातही उतरली. दोन रागांचा जोड म्हणजे दोघांना अर्धी-अर्धी जागा नव्हे. एकाच्या अवरोहातून दुसऱ्याच्या आरोहात असे शिरावयाचे की शिरल्याचा सांधा ऐकू येऊ नये. यासाठी कोणती संज्ञा आहे, असे विचारले तर पुस्तक गप्प राहते.

आणि जेथे सारा इतिहास पोवाड्यातूनच कानी पडतो त्या गडावर तुणतुण्याला विसरून कसे चालेल? शाहीर डफावर थाप देतो, झीलकरी ‘जी जी’ची ओढ धरतात, आणि मागे एकच तार एकच सूर अखंड धरून असते, तिला सप्तक नाही, पडदे नाहीत, जवारी नाही, फक्त षड्ज आहे आणि तोही त्या दिवशी शाहिराच्या गळ्याला झेपेल तिथे खुंटी पिळून लावलेला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १६६० च्या जुलैमधल्या पावसाळी रात्री निघालेल्यांची कथा अशा एका सुराच्या आधारावर साडेतीनशे वर्षे उभी आहे. अंबरखान्याच्या दगडी कमानींखाली कोणी असा सूर लावला तर तो थांबल्यानंतरही काही वेळ वर रेंगाळतो. छेडून झाल्यावर उरणाऱ्या या नादाला तारवाद्ये वाजवणारे ‘आस’ म्हणतात, आणि ती किती लांब आहे यावरून वाद्याची परीक्षा करतात. धान्य साठवण्यासाठी बांधलेल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत आता एवढेच साठते.

दुपार कलली की धुके थोडे उचलले जाते आणि तीन दरवाजाची कमान परत आपल्या जागी येऊन उभी राहते. खालच्या उतारावरची घंटा पुन्हा वाजते; ती कोमल गंधार आहे की शुद्ध, हे ज्याने अजून आपला सा ठरवलेला नाही त्याला सांगता येणार नाही, आणि ज्याने ठरवला आहे तो तोंडातल्या तोंडात षड्ज धरून अंतर मोजू लागेपर्यंत म्हैस वळण ओलांडून बरीच खाली उतरलेली असते.